दफ्तर आणि किल्ली

"सोवळें नेसून इराण्याकडे चहा प्यावयास बसलेला माणूस आणि तुम्ही, यांत मला फारसा फरक दिसत नाहीं," असें माझे एक वयोवृद्ध स्नेही गेल्या वर्षीं मला म्हणाले. ते घरीं आले तेव्हां मी कामांत होतों. माझ्या टेबलावरील संगणकावर लिनक्स ही प्रणाली चालते हें त्यांस ठाऊक होतें. कारण तिचें माहात्म्य मीं त्यांना, त्यांनीं न विचारतां, अनेकदां ऐकविलें होतें. ती कोणा एकाच्या मालकीची नाहीं, तिची घडण कोणासहि पाहतां येते, बदलतां येते, बदललेली दुसऱ्यास देतां येते, इत्यादि. त्या दिवशीं मात्र त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं, त्याच संगणकावरून मी एका पतसंस्थेच्या हिशेबाचा जो डेटाबेस सांभाळीत होतों तो एका मोठ्या कंपनीच्या खासगी मालकीचा आहे. त्याची घडण मला पाहतां येत नाहीं, आणि त्याच्या वापरासाठीं संस्था दर वर्षीं पैसे मोजते. त्या कंपनीचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. "घरीं स्वातंत्र्य आणि पोटासाठीं पारतंत्र्य," ते हसून म्हणाले, "हा आपल्याकडील जुनाच व्यवहार आहे."

विनोद म्हणून तो ठीक होता. पण स्नेही गेले तरी तो मागें राहिला. पहिलीं उत्तरें सुचलीं तीं नेहमींचींच. संस्था माझी नाहीं. डेटाबेसाची निवड मी येण्यापूर्वींच झालेली. मी पगारी नोकर. हीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु पोटाचें कारण सांगितल्यानें माणसाचें वर्तन समजतें, तें योग्य ठरतेंच असें नाहीं. म्हणून प्रश्न नीट मांडून पाहावा असें ठरविलें. स्वतंत्र साधनानें परतंत्र वस्तूची राखण करणें हा दंभ आहे काय? आणि दंभ नसेल, तर अशा स्थितींत राखणदाराचें कर्तव्य तरी कोणतें?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ज्याला आज डेटाबेस म्हणतात त्याची मूळ कल्पना कोणाच्या तिजोरींतून निघालेली नाहीं. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनीं १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्रांत कोठें व कशी ठेवली आहे याची विवंचना ती मागणाऱ्यानें करूं नये. ती कोष्टकांच्या रूपानें मांडावी, आणि कोष्टकांचे परस्परसंबंध तर्काच्या नियमांनीं ठरावेत, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ सालीं अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच पुढें एसक्यूएल म्हणून रूढ झाली. हें सारें छापून प्रसिद्ध झालेलें होतें. त्या आधारावर लॅरी एलिसन व त्यांचे दोन भागीदार यांनीं १९७७ सालीं काढलेल्या कंपनीनें, खुद्द आयबीएमच्या आधींच, १९७९ सालीं ओरॅकल हा डेटाबेस बाजारांत आणला. यांत चोरी नाहीं. विद्या प्रसिद्ध करावयाची ती कोणीं तरी वापरावी म्हणूनच. परंतु मालकीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं एवढें स्मरणांत ठेवावें कीं, त्यांच्या वाड्याचा पाया सार्वजनिक दगडांचा आहे. भाषाहि पुढें सार्वजनिकच झाली; १९८६ सालीं ती अमेरिकेंत आणि पुढल्या वर्षीं जगभर प्रमाण म्हणून मान्य झाली.

मग मालकीचें असें उरतें काय? उरतें तें यंत्र, आणि त्याची माहिती सांठविण्याची व बाहेर देण्याची रीत. या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व मला लिनक्सवर काम करतांनाच उमगलें. मालकाच्या चित्रमय साधनांत, प्रत काढा, असें एक बटण असतें. तें दाबलें कीं काम झालें. आमच्या डेटाबेसाचें तें साधन माझ्या टेबलावर चालत नसे. तेथें काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि जें हवें तें अक्षरें जुळवून लिहावयाचें. पहिले कांहीं महिने मला हा वनवास वाटला. पुढें ध्यानांत आलें कीं, बटण हा केवळ एक लेखनिक आहे. तोहि तेंच वाक्य लिहून यंत्राकडे धाडतो. हीं वाक्यें स्वतःच्या हातानें लिहूं लागल्यावर त्यांच्यांतील भेदहि दिसूं लागला. माहिती मागण्याचें वाक्य कोणत्याहि डेटाबेसापुढें जवळजवळ तेंच. कारण तें प्रमाण भाषेंतील आहे. पण सबंध दफ्तराची प्रत काढण्याचें आणि ती अन्यत्र पुन्हां उभी करण्याचें वाक्य त्या प्रमाण भाषेंत नाहींच. तें ज्या त्या मालकानें आपापल्या बोलींत ठेवलें आहे, आणि त्या वाक्यानें निघालेली प्रत सामान्यतः त्याच्याच यंत्रांत उघडावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची नव्या आवृत्तींत काढलेली प्रत त्याच डेटाबेसाच्या जुन्या आवृत्तींत देखील उभी राहत नाहीं. मागण्याची भाषा सर्वांची आणि निघून जाण्याची भाषा मालकाची, अशी ही वांटणी आहे. मालकानेंच दिलेल्या खुर्चींत बसून काम केलें असतें तर ही भिंत मला जन्मभर दिसली नसती. खिडकींतून आंत जाणाऱ्यालाच ती हाताला लागते.

मालकाच्या मर्जीवर उघडलेलें दार किती काळ उघडें राहतें, याचें उदाहरण याच कंपनीच्या व्यवहारांत सांपडतें. २००१ सालीं तिचे तेव्हांचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनीं लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१७ सालीं तिनेंच आपला डेटाबेस लिनक्सवर चालेल असा करून दिला. कित्येकांनीं यास हृदयपरिवर्तन म्हटलें. बाजार पालटला असें म्हणणें अधिक सोपें. मौज अशी कीं, यंत्र लिनक्सवर आलें तरी त्याच्या देखभालीचें तिचें मुख्य साधन विंडोजवरच राहिलें. २०१८ सालीं लिनक्सवर चालणारें ॲझ्युअर डेटा स्टुडिओ हें निराळें साधन तिनें दिलें. लोक त्यावर रुळले. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत तें बंद करण्याचें जाहीर झालें. त्याऐवजीं दुसरें सुचविण्यांत आलें, आणि यांत कोणाची फसवणूक झाली असेंहि म्हणतां येत नाहीं. ज्याचें दार त्यानें लावलें. याच्या उलट फ्रीटीडीएस या नांवानें चाललेलें काम पाहा. त्या डेटाबेसाशीं इतर यंत्रें ज्या रीतीनें बोलतात ती कंपनीनें २००८ सालीं प्रसिद्ध केली. परंतु त्याच्या कित्येक वर्षें आधींपासून हीं मंडळी तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून ती रीत उकलीत आलीं होतीं. त्यांनीं केलेलें दार ओबडधोबड आहे. पण तें कोणा एकाच्या मर्जीनें लागत नाहीं.

इतकें म्हटल्यावर मालकाच्या बाजूनेंहि न्यायानें बोललें पाहिजे. एका खात्यांतून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वींच वीज गेली, तर वीज परतल्यावर एक तर दोन्ही नोंदी पुऱ्या झालेल्या असाव्यात, नाहीं तर दोन्ही पुसलेल्या. हें बोलण्यास सोपें व साधण्यास अत्यंत कठीण आहे. त्यासाठीं यंत्र प्रत्येक बदल आधीं एका रोजकीर्दींत टिपून ठेवतें आणि मग खतावणींत उतरवितें. आमच्या गांवीं वीज जाण्याचा नेम नाहीं. तरी इतक्या वर्षांत त्या डेटाबेसानें एका पैचीहि चूक केली नाहीं. असें यंत्र घडविणाऱ्यांनीं त्याचें मोल मागितलें तर त्यांत अधर्म कोठें आहे? बर्कलेच्या विद्यापीठांत १९८६ च्या सुमारास जन्मलेला आणि पुढें पोस्टग्रेस्क्यूएल म्हणून वाढलेला डेटाबेस हेंच काम विनामूल्य करतो हें खरें. पण शेजारच्या अन्नछत्रावरून खानावळवाल्यास चोर ठरवितां येत नाहीं. म्हणून स्नेह्यांचा सोवळ्याचा दृष्टांत मला अखेर अमान्य करावा लागला. सोवळ्याचा न्याय स्पर्शाचा आहे. यंत्राला हात लावल्यानें कोणी विटाळत नाहीं. हात लावून तो काय करतो, आणि काय करावयाचें टाळतो, हें पाहिलें पाहिजे.

मालकी यंत्रापुरती राहत नाहीं आणि माणसाच्या जिभेपर्यंत येते, तेव्हां मात्र माझा न्याय बदलतो. १९८३ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेव्हिड डेविट यांनीं निरनिराळ्या डेटाबेसांच्या वेगाचीं मोजमापें करून प्रसिद्ध केलीं. त्यांत ओरॅकलची कामगिरी चांगली दिसली नाहीं, आणि तें त्या कंपनीस फार लागलें. त्यानंतर आमच्या परवानगीवांचून अशीं मोजमापें प्रसिद्ध करूं नयेत, असें कलम तिच्या करारांत आलें. पुढें मायक्रोसॉफ्टसह इतरांनींहि तें उचललें. या कलमास धंद्यांतील लोक आजहि डेविट यांच्याच नांवानें ओळखतात, म्हणजे ज्याचें तोंड बंद करावयाचें होतें त्याचेंच नांव बंदीस चिकटलें. माझ्या करारांतहि असेंच कलम होतें. शेजारच्या तालुक्यांतील एका संस्थेचा तरुण राखणदार एकदां मला विचारावयास आला, कीं हा डेटाबेस घ्यावा कीं नको. माझ्यापाशीं स्वतः मोजलेले आंकडे होते. मीं ते सांगितले नाहींत. "पाहा बुवा, तुमच्या सोयीचें काय तें," असें कांहींसें बोललों. कराराचें वचन पाळलें, आणि विश्वासानें दारीं आलेल्या माणसास आंधळा परत पाठविला. यांपैकीं कोणतें पारडें जड होतें याचा निर्णय मला अजून करतां आलेला नाहीं. वस्तू विकणारानें ती कशी आहे हें सांगण्याचा घेणाराचा हक्कहि विकत घेऊं नये, एवढें मात्र मला स्पष्ट दिसतें.

वचनाचा हा प्रश्न खुद्द लिनक्सच्या इतिहासांतहि एकदां फार तीव्रतेनें उभा राहिला होता. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं फिनलंडमध्यें विद्यार्थी असतांना सुरू केला. पुढें जगभरच्या लोकांनीं केलेल्या दुरुस्त्यांची नोंद ठेवणें कठीण झाल्यावर, २००२ सालीं त्यांनीं त्यासाठीं बिटकीपर हें एका खासगी कंपनीचें साधन पत्करलें. कंपनीचे प्रमुख लॅरी मॅक्वॉय यांनीं तें विनामूल्य वापरूं दिलें. अट एवढीच कीं, असा वापर करणाऱ्यानें तसलें दुसरें साधन बनवूं नये. स्वतंत्र प्रणालीची चळवळ १९८३ सालीं सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनीं या सोयरिकीस उघड विरोध केला. टोरवाल्ड्स यांचें म्हणणें, साधन उत्तम आहे आणि काम होतें आहे. तीन वर्षें काम झालें. मग अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनीं, ज्यांनीं ती अट कधीं पत्करलीच नव्हती, त्या नोंदी जेथें ठेवलेल्या होत्या त्या यंत्राशीं जोडून घेतलें आणि "हेल्प" एवढा एकच शब्द लिहिला. यंत्रानें आपणास कोणत्या आज्ञा समजतात त्यांची यादीच त्यांच्या पुढें ठेवली. तेवढ्यावरून स्वतंत्र साधन बनूं शकेल असें दिसतांच कंपनीनें २००५ च्या एप्रिलमध्यें विनामूल्य वापर बंद केला. टोरवाल्ड्स कंपनीवर नव्हे तर ट्रिजेल यांच्यावर रागावले, आणि त्याच महिन्यांत त्यांनीं स्वतः गिट हें साधन लिहिलें. आज तें जगभर वापरांत आहे.

मॅक्वॉय यांची तक्रार मला अगदींच पोकळ वाटत नाहीं. त्यांनीं दिलें होतें, आणि देणाऱ्याच्या अटीला कांहीं मान असतो. परंतु दोघांमधील करार तिसऱ्यास बांधीत नाहीं. शिवाय त्या नोंदी कोणाच्या? स्वेच्छेनें राबणाऱ्या शेंकडों माणसांच्या श्रमांच्या. आपलें दफ्तर जेथें ठेवलें आहे त्या दारीं जाऊन, येथें काय काय विचारतां येतें, असें विचारणें म्हणजे घरफोडी नव्हे. मला खरें नवल वाटतें तें टोरवाल्ड्स यांचें. स्वतःपुरती किल्ली हातीं आली कीं इतक्या बुद्धिमान् माणसाच्याहि मनांतून दाराचा विचार जातो.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. गांवचा कुळकर्णी जमीनमहसुलाचें दफ्तर लिही, आणि तें बहुधा त्याच्याच घरीं असे. लिहिण्याचे श्रम त्याचे होते, विद्या त्याची होती, त्याबद्दल त्यास वतन होतें. त्यांत गैर कांहीं नव्हतें. पण कोणत्या शेताचा धारा किती आणि कोणाकडे किती बाकी हें ज्या कागदांवर लिहिलेलें, ते कागद गांवाचे असून गांवाला ते त्याच्या ओटीवर जाऊनच पाहावे लागत. आणि मोडी न वाचतां येणाऱ्याला ते पाहून न पाहिल्यासारखेच. सगळे कुळकर्णी लबाड होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. मात्र भला कुळकर्णी मिळणें हें गांवाचें नशीब होतें, हक्क नव्हता. ही वतनें १९५० सालच्या मुंबई कायद्यानें संपुष्टांत आलीं. हा सगळा इतिहास मला चांगला ठाऊक होता. पण तो माझ्या टेबलाला लावून पाहावा असें मात्र कधीं सुचलें नाहीं.

तें सुचण्याचा प्रसंग गेल्या पावसाळ्यांत आला. वार्षिक खर्च झेपेनासा झाल्यामुळें पतसंस्थेच्या कार्यकारी समितीनें जुना डेटाबेस सोडून विनामूल्य डेटाबेस घेण्याचें ठरविलें. चालू खातीं नव्यांत न्यावयाचीं हें ठरलें. बंद झालेल्या खात्यांचा प्रश्न निघाला तेव्हां एक सभासद म्हणाले, "त्यांची एक प्रत काढून कपाटांत ठेवूं, लागली तर उघडूं." सर्वांनीं माना डोलावल्या. करार संपल्यावर तें यंत्र चालविण्याचा हक्क राहणार नव्हता, आणि यंत्रावांचून ती प्रत म्हणजे लाखबंद पेटी. हें त्या खोलींत एकट्या मला माहीत होतें. मीं तें सांगितलें. सर्वजण गप्प झाले. अध्यक्ष हे निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांनीं शांतपणें विचारलें, "हें तुम्हांला आजच समजलें काय?"

नव्हतें. मला तें अठरा वर्षें माहीत होतें. कोणी विचारलें नाहीं म्हणून सांगितलें नाहीं, हें उत्तर माझ्या ओठांवर आलें होतें. पण तें पुरतें खरें नव्हतें. किल्ली कंपनीची होती. परंतु कंपनीपर्यंत जाण्याची वाट माझ्या टेबलावरून जात होती. कोणतेंहि जुनें खातें हवें असलें कीं व्यवस्थापकांपासून शिपायापर्यंत सर्वांना माझ्याकडे यावें लागे, आणि तें मला आवडत असे. स्वातंत्र्याचीं प्रवचनें मी स्नेह्यांना देत होतों. ज्यांचें दफ्तर, त्या सभासदांना मात्र त्यांतला एक शब्दहि कधीं सांगितला नव्हता. स्नेह्यांनीं बोट ठेवलें होतें तें माझ्या साधनांतील विसंगतीवर. दोष निघाला तो निराळाच. वतन नसतांना मी कुळकर्णी झालों होतों.

पुढले तीन आठवडे मीं प्रत्येक कोष्टक साध्या मजकुराच्या रूपांत बाहेर काढलें. स्वल्पविरामांनीं तोडलेल्या ओळी, वर रकान्यांचीं नांवें. असा मजकूर कोणत्याहि संगणकांत, कोणत्याहि मालकाच्या परवानगीवांचून उघडतो. ओळींची संख्या आणि बाक्यांच्या बेरजा जुन्याशीं ताडून पाहिल्या. हें काम कंटाळवाणें होतें, पण अवघड नव्हतें. अवघड होतें तें व्याजाचें. व्याज कसें आकारावयाचें याचे नियम डेटाबेसाच्या पोटांत, मालकाच्या बोलींत लिहिलेले होते. आंकडे बाहेर आले तरी आंकड्यांमागचें कारण आंतच राही. तेव्हां मीं एक जाड वही घेतली आणि ते नियम एकेक वाचून मराठींत उतरविले. मुदत सुटीच्या दिवशीं संपली तर काय, वृद्धांना अर्धा टक्का अधिक कोणत्या तारखेपासून, मुदतीपूर्वीं ठेव मोडल्यास किती. एक नियम मात्र मलाच उलगडेना. कांहीं थोड्या खात्यांवर काहीं महिन्यांचें दंडव्याज शून्य धरलें होतें. निवृत्त झालेल्या जुन्या कारकुनांस घरीं जाऊन विचारलें. त्यांनीं चष्मा पुसला आणि म्हणाले, "तो २०१३ चा दुष्काळ. ज्यांचीं जनावरें छावणींत होतीं, त्यांचें दंडव्याज घेऊं नये असा ठराव झाला होता." तोहि वहींत लिहिला, ठरावाच्या तारखेसह.

दोन महिन्यांपूर्वीं एका दिवंगत सभासदाचा मुलगा वडिलांच्या २०११ सालीं बंद झालेल्या खात्याचा उतारा मागण्यास संस्थेंत आला. वारसाचा कांहीं तंटा होता. नव्या मुलीनें, जी वर्षापूर्वींच कामावर लागली आहे, ती साधी फाईल उघडली, खातें शोधलें, व्याजाचा नियम वहींत पाहिला आणि उतारा लिहून दिला. मला हें आठवड्यानंतर, चहाच्या वेळीं, सहज कळलें. मला कोणी बोलाविलें नव्हतें.

स्नेह्यांस मीं ही हकीकत सांगितली. त्यांनीं सोवळ्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं. "मग आतां तुमचें तेथें काम काय उरलें?" एवढेंच विचारलें. समितीच्या पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो विषय सहाव्या क्रमांकावर आहे.